सैनिकाशी लग्न झाल्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर आणि बेळगाव या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत घरटी एक माणूस फौजेत असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या आणि शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावातच ‘मिलिटरी’ आणि ‘सैनिक’ हे शब्द बसले आहेत. तरीही अशा घरात नव्याने आलेल्या सुनेला पहिल्या दोन-चार वर्षांत कोणती कामे करायची, कोणते कागद सांभाळायचे आणि कशाची धास्ती घ्यायची नाही, हे सांगणारे माणूस तिच्याजवळ असतेच असे नाही. माझे यजमान पायदळात होते आणि त्यांच्या नोकरीची सगळी वर्षे मी काही गावात, काही छावणीत काढली. गेल्या काही वर्षांत नवविवाहित मुली आणि त्यांच्या आया मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे भूदलातील जवानांना आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या हुद्द्यांवरील कनिष्ठ अधिकाऱ्यांना) धरून आहेत. नौदल आणि हवाई दलाच्या पद्धती काही बाबतींत वेगळ्या असतात.

१. लग्न ठरवण्यापूर्वी मुलाला पलटणीची परवानगी घ्यावी लागते का?

कायम सेवेतील जवानाला भारतीय मुलीशी पहिले लग्न करण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, त्याला लागते ती सुट्टी. वधू परदेशी नागरिक असेल तर मात्र पूर्वपरवानगी आवश्यक असते. पहिली पत्नी हयात असताना आणि तिच्याशी कायदेशीर घटस्फोट झालेला नसताना दुसरे लग्न केल्यास सेवेवर गंभीर परिणाम होतो. गावाकडे ‘तो तिकडे, ही इकडे, कोणाला कळणार’ असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मुलगा अग्निवीर असेल तर प्रश्न १६ पाहावा.

२. जवानाला वर्षात किती सुट्टी मिळते? लग्नासाठी किती दिवस धरावेत?

जवान आणि जेसीओ यांना वर्षाला ६० दिवसांची वार्षिक सुट्टी आणि ३० दिवसांची नैमित्तिक सुट्टी असते. हे दिवस कागदावर असले तरी सुट्टी सेवेच्या गरजेवर अवलंबून असते. एका वेळी पलटणीतले ठरावीकच जवान बाहेर जाऊ शकतात आणि हालचाल, सराव किंवा तणावाचा काळ असेल तर मंजूर सुट्टीही पुढे ढकलली जाते. म्हणून गुरुजींकडून मुहूर्त काढताना एकच तारीख पक्की करू नये. पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन मुहूर्त काढून ठेवावेत आणि कार्यालयाच्या मालकाला मुलगा फौजेत असल्याचे आधीच सांगावे. प्रवासाचे दिवसही मोजावेत. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मूतवीला जाण्यातच दोन रात्री जातात आणि चौकी पुढे डोंगरात असेल तर ट्रान्झिट कॅम्पमध्ये रस्ता उघडण्याची वाट पाहावी लागते. साखरपुडा, लग्न, पूजा आणि जेजुरी एवढ्यातच सगळी सुट्टी संपवू नये, कारण प्रश्न ३ मधल्या कामासाठी त्या सुट्टीतले किमान चार कामाचे दिवस राखून ठेवावे लागतात.

३. लग्नानंतर सगळ्यात पहिले कागदी काम कोणते?

विवाह नोंदणी. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या अधिनियमानुसार होते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ग्रामसेवकाकडे आणि शहरात नगरपालिकेकडे किंवा महापालिकेकडे ९० दिवसांच्या आत ती करावी. पती, पत्नी आणि तीन साक्षीदार लागतात, म्हणूनच नवरा सुट्टीवर असतानाच हे काम उरकले पाहिजे. तो गेल्यावर ते पुढच्या सुट्टीवर जाते, आणि पुढची सुट्टी कधी असेल हे कोणीच सांगू शकत नाही.

त्या प्रमाणपत्राच्या आधारावर पलटणीच्या कार्यालयातून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते. जवानाच्या आयुष्यातील लग्न, मूल, वारस अशा प्रत्येक घटनेची सैन्याच्या दप्तरातील अधिकृत नोंद म्हणजे ही ऑर्डर. ती त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला जाते : मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे सागरला. गावात पाचशे पानांची पंगत उठली असली तरी ही ऑर्डर निघेपर्यंत दप्तरात तुमचा नवरा अविवाहितच असतो. क्वार्टर, अवलंबित म्हणून औषधोपचार, कॅन्टीनचे कार्ड आणि पुढे पेन्शन या सगळ्याची मुळी याच एका कागदात आहे. ऑर्डर निघाली की तिचा क्रमांक आणि तारीख नवऱ्याकडून विचारून आपल्या वहीत लिहून ठेवावी.

४. लग्नात माझे नाव बदलले. आता कुठे कोणते नाव लावू?

मला सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच आहे आणि सर्वाधिक नुकसानही येथेच होताना मी पाहिले आहे.

आपल्याकडे मुलीचे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदलते, आणि कितीतरी घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून तिचे पहिले नावही बदलतात. मग शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर अर्धे जुने अर्धे नवे, बँकेत तिसरे आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये नवऱ्याने घाईत सांगितलेले चौथे, अशी एकाच बाईची चार माणसे होतात. सैन्याचे दप्तर इंग्रजी स्पेलिंगवर चालते. तिथे एका अक्षराच्या फरकाने दोन स्त्रिया होतात आणि ‘ही तीच’ हे सिद्ध करण्याचे काम पुढे त्या स्त्रीवर येते.

माझ्याच बाबतीत एका कार्यालयात माझ्या नावातील एक अक्षर जास्तीचे टंकले गेले. दिसायला क्षुल्लक चूक होती. ती दुरुस्त होईपर्यंत यजमानांच्या दोन सुट्ट्या, एक प्रतिज्ञापत्र आणि कितीतरी पत्रे खर्ची पडली, आणि तोवर मुलाच्या जन्माची नोंदही अडून राहिली होती. तरी माझ्यासाठी धावपळ करायला ते हयात होते. ज्या स्त्रियांना हीच चूक नवरा गेल्यानंतर कळते, त्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणूनच इतक्या विस्ताराने लिहिते आहे.

माझा स्पष्ट सल्ला असा आहे : नाव बदलायचे की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवावे, माहेरचे नाव कायम ठेवण्यातही काही गैर नाही. पण जे ठरेल ते आधी आधारवर आणि पॅनवर घ्यावे, तेच स्पेलिंग एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून नवऱ्याच्या पाकिटात द्यावे आणि पलटणीत त्या कागदावरूनच नोंद करायला सांगावे. जन्मतारीखही जुळते का ते तपासावे. शाळेत घालताना अंदाजाने लावलेली तारीख आणि जन्मदाखल्यावरची तारीख वेगळी असण्याचे प्रकार खेड्यात आजही सापडतात.

५. सासूबाई म्हणतात, ‘पैशाला आमचे नाव आहे, तेच राहू दे.’ यात योग्य काय?

लग्नापूर्वी जवानाच्या वारसाच्या जागी स्वाभाविकपणे आई-वडिलांची नावे असतात. लग्नानंतर निकटतम नातलग म्हणून पत्नीचे नाव येते आणि कुटुंब निवृत्तिवेतनावर पहिला हक्क पत्नीचा असतो. मात्र आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि भविष्य निर्वाह निधी यांसाठी जवान नामनिर्देशन करतो आणि त्यात पत्नी आणि आई-वडील यांचे हिस्से वाटून लिहिता येतात. लग्नानंतर ही नामनिर्देशने नव्याने भरून घ्यावीत.

सासूबाईंच्या बोलण्यामागची भीती समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. ज्या बाईने मुलाला भरतीच्या मैदानावर धावण्यासाठी पहाटे उठवले, तिला आपण एका सहीत पुसले जाऊ असे वाटणे साहजिक आहे. म्हणून ही चर्चा नवऱ्यानेच सुट्टीत, सगळे समोर बसलेले असताना करावी आणि कोणाचा किती हिस्सा लिहिला आहे हे उघड सांगावे. सुनेने फोनवरून हा विषय काढू नये आणि नवऱ्यानेही तो तिच्यावर ढकलू नये. वाईट प्रसंग आला तर त्या दिवसांत घरातील दोन स्त्रिया एकमेकींसमोर उभ्या राहू नयेत, याची तजवीज त्याने जिवंतपणीच करायची असते.

६. ‘फील्ड’ आणि ‘पीस’ म्हणजे नेमके काय, आणि मला सोबत कधी राहता येईल?

सीमेवरील किंवा कारवाईच्या क्षेत्रातील नेमणूक म्हणजे फील्ड, तिथे कुटुंब ठेवता येत नाही. पुणे, बेळगाव, कामठी, देवळाली, झाशी, मेरठ अशा छावणीतील नेमणूक म्हणजे पीस. पायदळाची पलटण साधारण दोन-तीन वर्षांनी सगळीच्या सगळी हलते. पीसला आल्यावरही क्वार्टर लगेच मिळेल असे नाही, कारण घरे कमी आणि अर्ज जास्त असतात आणि यादी ज्येष्ठतेने चालते. नव्या शिपायाला कधी वर्षभर थांबावे लागते, काही जण तोवर छावणीबाहेर भाड्याने घर घेतात. अर्ज मात्र पार्ट टू ऑर्डर निघताच टाकावा. नवरा फील्डला असताना काही छावण्यांत कुटुंबांसाठी वेगळी क्वार्टर असतात, त्यांना सगळे ‘एसएफ क्वार्टर’ म्हणतात. त्यांचा विचार प्रश्न ८ मध्ये केला आहे.

७. क्वार्टर मिळाले! सामान काय न्यावे आणि ताबा घेताना काय पाहावे?

अभिनंदन. सामान कमी न्यावे. पलंग, टेबल, खुर्च्या बहुतेक ठिकाणी एमईएसकडून, म्हणजे छावणीतील इमारती सांभाळणाऱ्या लष्करी अभियंता सेवेकडून, मिळतात, कपाट मात्र सगळीकडे नसते. आमचा पहिला संसार दोन काळ्या लोखंडी ट्रंकांत, एका होल्डॉलमध्ये आणि पोह्यांच्या डब्यात मावला होता. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नवऱ्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण रंगवलेली असते. बढती मिळाली की फक्त हुद्द्याच्या जागी काळा हात मारून वर नवा हुद्दा लिहितात, तेव्हा जुन्या ट्रंकेवर ‘शिपाई’, ‘लान्स नायक’, ‘नायक’ असे थर बोटाला लागतात. जाते, पाटा असले काही नेऊ नये. छोटा खलबत्ता, पुरणयंत्र आणि वर्षाचा काळा मसाला मात्र जरूर न्यावा, कारण तो कॅन्टीनमध्ये मिळत नाही.

ताब्याला ‘मार्च-इन’ म्हणतात. त्या दिवशी एक माणूस यादी घेऊन येतो आणि पंखे, नळ, काचा, कड्या मोजून सही घेतो. नवी नवरी दारात उभी असते, चहाचे भांडे कुठल्या ट्रंकेत आहे हे आठवत नसते आणि घाईत सही होऊन जाते. तसे करू नये. प्रत्येक नळ सोडून पाहावा, खिडकीची प्रत्येक काच बोटाने वाजवून पाहावी, फुटकी वस्तू यादीवर फुटकी म्हणूनच लिहून घ्यावी आणि फोटो काढून ठेवावा. क्वार्टर सोडताना ‘मार्च-आऊट’च्या वेळी हीच यादी पुन्हा निघते आणि कमी पडलेल्या वस्तूंचे पैसे ‘बॅरक डॅमेज’ म्हणून तुमच्याकडून वसूल होतात.

८. नवरा फील्डला गेला आहे. मी एसएफ क्वार्टरमध्ये राहू, सासरी राहू की माहेरी?

याचे सरसकट उत्तर देता येत नाही. लहान मूल शाळेत जात असेल आणि जवळ लष्करी रुग्णालय हवे असेल तर एसएफ क्वार्टर चांगले. शेजारणीही त्याच प्रसंगातून जात असतात आणि रात्री दोन वाजता मुलाला ताप आला तर दार वाजवायला घर असते. सासरी शेती असेल आणि सासू-सासरे थकलेले असतील तर तुमची गरज तिकडे असेल. माहेरी राहण्यात कमीपणा नाही, परंतु दीर्घकाळ राहणार असाल तर नवऱ्याने ते आपल्या आईला स्वतः सांगावे. माझे मत विचाराल तर पहिले मूल होईपर्यंत मिळेल तितका काळ सोबत राहावे आणि त्यासाठी बाकीच्या सोयी थोड्या बाजूला ठेवाव्यात. लग्नाच्या पहिल्या पाच वर्षांत आम्ही दोघे एका छताखाली किती दिवस होतो हे मी एकदा मोजले होते, आणि त्यानंतर क्वार्टर लहान असल्याची तक्रार मी कधी केली नाही.

९. मला हिंदी नीट येत नाही. तिथल्या बायकांत मी कशी मिसळू?

मराठा पलटणीत निम्मे शब्द ओळखीचेच असतात, पण शेजारीण गढवालची, केरळची किंवा पंजाबची असू शकते आणि सगळ्याच जणी मोडकीतोडकी हिंदी बोलत शिकलेल्या असतात. दोन महिन्यांत तुम्हीही बोलू लागाल. वेल्फेअरच्या बैठकीला जाणे टाळू नये. आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे ‘आवा’, ही संस्था १९६६ पासून काम करते. तिथे शिवण, संगणक, बेकरी असे वर्ग चालतात आणि क्वार्टरच्या पाण्यापासून मुलांच्या बसपर्यंतच्या अडचणी वरिष्ठांच्या पत्नींसमोर मांडता येतात. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी ‘आशा’ शाळा आहेत, हे फार थोड्या मराठी कुटुंबांना ठाऊक असते. नवऱ्याचा हुद्दा पत्नीला लागू होत नाही. आदर सगळ्यांना द्यावा, पण कोणाच्या घरची खासगी कामे करणे हे तुमचे कर्तव्य नाही.

१०. चार-चार दिवस फोन येत नाही. मी काय समजावे?

बहुतेक वेळा एवढेच समजावे की तिथे रेंज नाही किंवा फोन वापरण्यास मनाई आहे. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचे प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालते. त्यामुळे नेमणूक तिकडे निघाली की जाण्यापूर्वीच सिम बदलून घ्यावे. नवऱ्याखेरीज पलटणीच्या मागे राहिलेल्या तुकडीतील एका जबाबदार व्यक्तीचा आणि गावाकडच्या एखाद्या सहकाऱ्याच्या घरचा असे दोन क्रमांक लिहून ठेवावेत. वाईट बातमी अफवेतून किंवा वाहिनीच्या पट्टीतून स्वीकारू नये, ती अधिकृत मार्गानेच घरी पोहोचते. सीमेवर काही घडल्याचे दिसले की मी दूरचित्रवाणी बंद करून ओट्यावरची भांडी घासायला घेत असे, कारण हात रिकामे असले की मन नको तिथे जाते.

पत्र लिहावे, हे मी आग्रहाने सांगते. पत्त्यात गावाचे नाव नसते : नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा पूर्वेकडे ‘द्वारा ९९ एपीओ’. पिनकोड ९ या अंकाने सुरू होतो, कारण तो अंक सैनिकी टपालासाठीच आहे. फोनवरचे बोलणे रेंज गेली की संपते, पत्र मात्र खिशात घालून चौकीवर नेता येते.

११. नवऱ्याचे वर्दीतले फोटो मी स्टेटसला ठेवू शकते का?

ठेवू नयेत. सुरक्षेच्या कारणावरून जुलै २०२० मध्ये भूदलाने आपल्या जवानांना फेसबुक आणि इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितले होते. हा आदेश जवानांना उद्देशून असला तरी त्यामागचे कारण घरच्यांनाही तितकेच लागू आहे. ‘आज लेहला निघाले’ एवढ्या एका ओळीतून पलटणीची हालचाल कळते. अनोळखी माणूस स्वतःला अधिकारी म्हणवून फोनवर नवऱ्याची नेमणूक, पलटणीचे नाव किंवा ओटीपी विचारू लागला तर काहीही न सांगता फोन ठेवावा आणि नवऱ्याला कळवावे.

१२. पहिले बाळंतपण माहेरी करावे की लष्करी रुग्णालयात? खर्च मिळतो का?

जवानाची पत्नी म्हणून तुमच्यावर लष्करी रुग्णालयात मोफत उपचार होतात. पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे, खडकी, देवळाली, कामठी, अहिल्यानगर आणि बेळगाव येथे लष्करी रुग्णालये आहेत. अवलंबित असल्याचे कार्ड सोबत लागते आणि ते पार्ट टू ऑर्डरशिवाय निघत नाही. माहेर या ठिकाणांपासून दूर असेल आणि तुम्ही गावातल्या खासगी दवाखान्यात गेलात तर तो खर्च आपोआप परत मिळेल असे गृहीत धरू नये. गुंतागुंतीची शक्यता असेल तर आधीच लष्करी रुग्णालयात नाव नोंदवावे. ‘ईसीएचएस’ ही योजना माजी सैनिकांसाठी आहे, त्यामुळे सासरे निवृत्त फौजी असले तरी त्यांच्या कार्डावर सुनेचे उपचार होत नाहीत.

बाळंतपणाच्या दिवशी नवरा जवळ असेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख कळताच त्याने नैमित्तिक सुट्टी मागावी, पण सही करायला आणि रक्ताची सोय करायला दीर किंवा भाऊ आधीच ठरवून ठेवावा.

१३. बाळाची नोंद कशी करायची?

जन्म जिथे झाला तिथल्याच कार्यालयात, २१ दिवसांच्या आत. पहिले बाळंतपण माहेरी झाले तर दाखला माहेरच्या गावाचा निघतो, त्यात काही चूक नाही. बारसे व्हायचे असेल तर नावाशिवाय नोंद करून नाव नंतर घालता येते. आईचे नाव मात्र प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे पार्ट टू ऑर्डरमध्ये आहे तसेच लिहावे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय दस्तऐवजांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतलेला आहे. त्यामुळे नाव कसे लिहिले जाणार हे ठरवून तेच सगळीकडे द्यावे. दाखला मिळताच मुलाचीही पार्ट टू ऑर्डर काढून घ्यावी. शिक्षण भत्ता पहिल्या दोन मुलांसाठी मिळतो, तोही याच नोंदीवरून.

१४. तो सुट्टीवर येतो आणि घरात भांडणेच होतात. असे का?

कारण साठ दिवसांवर सगळ्यांचाच हक्क असतो. आईला मुलगा हवा असतो, वडिलांना विहिरीचे आणि बांधाचे काम उरकायचे असते, मित्रांना ‘मेजर’ हवा असतो, नणंदेकडे जायचे असते, आणि ज्या दोन माणसांनी दहा महिने या दिवसांची वाट पाहिली ती एकमेकांशी रात्री अकरानंतर बोलतात. शिवाय त्याच्या गैरहजेरीत घर तुम्ही चालवलेले असते. गॅसची टाकी, शाळेची फी, खताचा हिशेब हे सगळे तुमच्या हातात बसलेले असते आणि तो आल्याबरोबर ‘हे असे का केले’ विचारू लागतो. त्याच्या मनात काही वाईट नसते, आपल्याच घरात आपण पाहुणे झालो आहोत हे त्याला टोचत असते.

आमचा थोरला दीड वर्षाचा असताना वडील दारात उभे राहिले आणि तो ‘काका आले’ म्हणून माझ्या पदरामागे लपला. यजमान काही बोलले नाहीत. हातपाय धुऊन अंगणात बसले आणि ट्रंकेच्या कुलपाची किल्ली त्याच्यासमोर नुसती वाजवत राहिले. तो तिसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीवर गेला. तेव्हापासून आम्ही सुट्टीचे पहिले तीन दिवस कुठलाही कार्यक्रम ठेवला नाही, आणि शेवटचे दोन दिवसही नाही. तुम्हीही हे करून पाहावे. सुट्टी सुरू होण्यापूर्वी कामांची आणि भेटींची यादी फोनवरच ठरवावी, आणि चार दिवस तुम्हा दोघांसाठी बाजूला काढून ते घरच्यांना स्पष्ट सांगावे.

१५. पहिली दिवाळी, पहिली संक्रांत, वटपौर्णिमा त्याच्याशिवाय कशी करू?

सण तिथीला करावा, आणि तो आल्यावर पुन्हा करावा. पहिला दिवाळसण मार्गशीर्षात झाला तरी जावयाचे औक्षण तेवढ्याच मायेने होते. हलव्याचे दागिने हवाबंद डब्यात नीट टिकतात. अधिक महिन्यातले धोंडे-जेवण मात्र तीन वर्षांतून एकदाच येते, त्यामुळे सुट्टीचा अर्ज करताना पंचांग जवळ ठेवावे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. क्वार्टरमध्ये असाल तर हळदीकुंकू जरूर करावे. शेजारच्या उत्तरेकडच्या बायका करवाचौथला तुम्हाला बोलावतील, तुम्ही त्यांना तिळगूळ द्यावा.

१६. माझे लग्न अग्निवीराशी ठरते आहे. वरचे सगळे नियम आम्हाला लागू होतात का?

सगळे होत नाहीत. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत भरती अविवाहित उमेदवारांचीच होते, सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम सेवेत घेतले जातात. सुट्टी वर्षाला ३० दिवस असते. सेवेच्या काळात ४८ लाखांचे विमा संरक्षण असते, पण या चार वर्षांचे पेन्शन नसते. लग्नाबाबतच्या अटीही कडक आहेत, म्हणून साखरपुडा करण्यापूर्वी मुलाने पलटणीच्या कार्यालयातून लेखी खुलासा घ्यावा. दोन्ही घरांनी घाई न करता चार वर्षे पूर्ण होऊन निकाल कळेपर्यंत थांबावे असे मला वाटते. मुलीच्या वयाची काळजी मी समजू शकते, पण मुलाची कायम होण्याची संधी एका मुहूर्तासाठी धोक्यात घालू नये.

१७. मी नोकरी करते. त्याच्या बदलीबरोबर सोडावी का?

कायम नोकरी शक्यतो सोडू नये. जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनचा हक्क मिळतो आणि पुष्कळ जण चाळिशीच्या आसपास घरी येतात, तेव्हा पत्नीचा पगार हा घराचा कणा होतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षक बदल्यांत सैनिकांच्या पत्नींना विशेष संवर्गात स्थान आहे, त्याचा उपयोग करावा. खासगी नोकरी असेल आणि पीसचे क्वार्टर मिळत असेल तर प्रश्न ८ मधील माझे मत पुन्हा वाचावे.

१८. मुलांच्या शाळेचे काय?

केंद्रीय विद्यालयात बदलीपात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्रवेशात प्राधान्य असते आणि त्यात मागील सात वर्षांतील बदल्यांची संख्या धरली जाते. बहुतेक मोठ्या छावण्यांत आर्मी पब्लिक स्कूलही असते. या शाळांत मराठी भाषा बहुधा मिळणार नाही, म्हणून ती घरी शिकवावी. आमच्या मुलांना मी दर रविवारी आजीला एक पोस्टकार्ड लिहायला लावत असे.

१९. मतदान गावी करू की छावणीत?

जवानाचे नाव सेवा मतदार म्हणून नोंदवता येते. त्याला टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते किंवा तो प्रतिनिधी नेमू शकतो. पत्नी त्याच्यासोबत राहत असेल तर तीही सेवा मतदार होऊ शकते. ती गावी राहत असेल तर गावच्या यादीत सामान्य मतदार असते. दोन ठिकाणी नाव ठेवू नये.

२०. सुट्टी संपत आली आणि घरात कोणी आजारी पडले. तो चार दिवस उशिरा गेला तर चालेल का?

न कळवता राहिला तर चालत नाही. आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम ३९ नुसार पुरेशा कारणाविना सुट्टीपेक्षा जास्त राहणे हा गुन्हा आहे. सुट्टी संपण्यापूर्वीच पलटणीला फोन करावा, वाढ मागावी आणि रुग्णालयाचे कागद पाठवावेत. तो स्वतः आजारी असेल तर जवळच्या लष्करी रुग्णालयात हजर व्हावे. ‘आई अत्यवस्थ’ अशी खोटी तार करण्याचे दिवस तारेबरोबरच २०१३ मध्ये संपले. आता खरेखोटे तपासले जाते आणि खोटे उघड झाले तर पुढच्या खऱ्या अडचणीत कोणी विश्वास ठेवत नाही.

२१. नवरा घरखर्चाला पैसेच पाठवत नाही. तक्रार केली तर त्याची नोकरी जाईल का?

तेवढ्यावरून नोकरी जात नाही. पत्नीच्या आणि मुलांच्या पोटगीसाठी जवानाच्या पगारातून कपात करण्याची तरतूद आर्मी ॲक्टच्या कलम ९१ मध्ये आहे. त्यासाठी कमांडिंग ऑफिसरला लेखी अर्ज करावा. न्यायालयाचा मार्गही खुला असतो, आणि मारहाण होत असेल तर २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा फौजीच्या घरालाही लागू आहे. हा प्रश्न मुली फार घाबरत विचारतात. हक्काचे मागण्यात वर्दीचा अपमान होत नाही.

२२. तो फील्डवर आहे, लग्नानंतरचे एकही काम झालेले नाही आणि पुढची सुट्टी लांब आहे. मी एकटी काय करू शकते?

बरेच काही. विवाह नोंदणीसाठी त्याची वाट पाहावी लागेल, पण आधार आणि पॅनवरील नाव, स्वतःचे बँक खाते, जन्मतारखेचा पुरावा आणि लग्नाचे फोटो, पत्रिका यांची जुळणी तुम्ही आजच करू शकता. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे जाऊन आपली अडचण सांगावी. ते पलटणीशी आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करायला मदत करतात. पत्र स्वतः लिहिणार असाल तर नवऱ्याचा सैन्य क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव आणि पलटण सुरुवातीलाच लिहावी. गावात सगळे त्याला मेजर म्हणत असले तरी पत्रात त्याचा खरा हुद्दाच असावा. पत्रावर तारीख घालावी, ते स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ट्रंकेत ठेवावी.